माळ्यावरच्या वस्तूंना घर देणारे : कै. दिनकर गंगाधर केळकर

ज्येष्ठ सरत आला, संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्याहून निघण्याचा दिवस ठरला, की आपल्या लोणीतल्या घराघरांत माळ्याला शिडी लागते. वर्षभर कांबळ्याखाली झाकून ठेवलेली मोठी पातेली, घंगाळे, पराती खाली येतात. चिंचेने व राखेने घासून त्या अंगणात पालथ्या घातल्या, की अंगण कसे लखलखू लागते! एका रात्रीच्या मुक्कामाला येणाऱ्या माउलींना पोटभर जेवू घालावयाचे, तर रोजच्या चार माणसांच्या भांड्यांनी भागत नाही. अशा वेळी आजेसासूबाईंच्या काळची भांडीच उपयोगी पडतात.

परंतु, भगिनींनो, खरे सांगा. आपल्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर आता ती भांडी उरली आहेत? आमच्या घरचे एक तांब्याचे घंगाळ माझ्याच हातून गेले. जागा अडते, कल्हई कोण करणार, पाणी तापवायला आता बंबही नको नि घंगाळही नको, असा विचार करून ते मी मोडीच्या भावाने देऊन टाकले. मापारी ते तागडीत टाकीत असता त्याच्या काठावर कोरलेले नाव माझ्या नजरेस पडले. ते आमच्या आजेसासूबाईंचे माहेरचे नाव होते. त्यांच्या वडिलांनी लग्नात ते आंदण दिलेले असावे. तोंडातून शब्द फुटेपर्यंत तागडी खाली उतरली होती. त्या दिवसापासून माझ्या मनात एका गृहस्थाचे चरित्र घोळत आहे. तेच आज आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत सांगण्याचे योजिले आहे.

हे गृहस्थ म्हणजे पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर. त्यांचा जन्म 1896 सालचा व मृत्यू 1990 सालचा. चौऱ्याण्णव वर्षांच्या या दीर्घ आयुष्यातील साठ-सत्तर वर्षे त्यांनी एकाच गोष्टीला वाहिली. लोकांच्या घरातील जुन्या, टाकाऊ ठरलेल्या वस्तू शोधून काढावयाच्या, पदरचे पैसे देऊन त्या विकत घ्यावयाच्या व जीव लावून जपावयाच्या, हेच ते काम. पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यावर, नातूबागेत आज जे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे आहे, ते या एका माणसाच्या वेडाचे फळ होय.

दिनकरराव काही सरदार नव्हते, जहागीरदार नव्हते, की मोठ्या पगाराचे अधिकारीही नव्हते. त्यांच्या घराण्याचा व्यवसाय चष्म्यांचा. लोकांना नीट दिसावे म्हणून भिंगे लावून देणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र इतरांना न दिसणारे पुष्कळ काही दिसत होते, असे म्हणावयास हरकत नाही. मनाने ते कवी होते. कविता लिहीत त्या 'अज्ञातवासी' या टोपणनावाने. इतिहासाची गोडी होतीच. परंतु इतिहास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह व तख्ते येतात. दिनकररावांच्या डोळ्यांपुढे मात्र त्या काळची माणसे राहत असलेली घरे आली. पेशवाईतली गृहिणी दिवा कशात लावीत होती, सुपारी कशाने कातरीत होती, टाचा कशाने घाशीत होती, हे कोणत्याही बखरीत लिहिलेले नसते. ते त्या वस्तूंतच लिहिलेले असते, आणि वस्तू मोडीत गेली की ते पानच फाटून जाते.

1920 च्या सुमारास त्यांनी संग्रहाला आरंभ केला. तो काळ अशा कामाला अनुकूलही होता व दुःखदायकही. 1818 साली पेशवाई बुडाली. दरबार गेला, त्याबरोबर दरबाराच्या आश्रयाने जगणारी घराणी हळूहळू खचत गेली. पुढे इंग्रज सरकारच्या इनाम कमिशनने कित्येकांची इनामे तपासणीत काढून घेतली. वाडे मोठे, पण उत्पन्न आटलेले, माणसे पांगलेली, दिवाणखान्याची छते गळणारी. अशा वाड्यांच्या माळ्यांवर, बळदांत, कोठारांत पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तू धूळ खात पडल्या होत्या. घराला पैशाची नड लागली, की त्या एकेक करून बाहेर निघत. चांदीची असली तर सोनाराच्या मुशीत, पितळेची असली तर तांबटाच्या भट्टीत, लाकडाची असली तर बंबात! ज्या वस्तूला घडवावयास कारागिराचे महिने गेले, ती वितळावयास घटका पुरत नाही.

या भट्टीच्या आधी त्या घरी पोहोचावयाचे, हे दिनकररावांचे काम. ते लिहिण्यास सोपे आहे. करण्यास फार अवघड. दुकानात मांडलेली वस्तू विकत घेणे आणि नांदत्या घरातली वस्तू विकत घेणे यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. दुकानदार विकावयासच बसलेला असतो. घरात मात्र प्रथम उंबरठा ओलांडावा लागतो. परका मनुष्य दारात उभा राहून तुमच्याकडे जुने काय आहे म्हणून विचारू लागला, तर आपण त्याला पाणी तरी देऊ का? ओळख काढावी लागते, दोन-चार खेपा घालाव्या लागतात, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलत बसावे लागते. जुन्या वस्तूची माहिती बहुधा घरातल्या पुरुषांना नसतेच; ती असते स्वयंपाकघरातल्या म्हातारीला. कोणती वस्तू कोणत्या सासूची, कोणत्या बाळंतपणात आलेली, कोणत्या दुष्काळात गहाण पडून सुटलेली, हे तिलाच ठाऊक असते. ज्याला तिच्याशी चार शब्द मायेने बोलता येत नाहीत, त्याला वस्तू मिळेलही, पण तिची हकिकत मिळणार नाही, आणि हकिकत गेलेली वस्तू अर्धी मुकी होते.

दुसरी अडचण किमतीची. मोडीचा व्यापारी वजन पाहतो. तितक्याच वजनाचा साधा तांब्या आणि नक्षीदार समई त्याच्या तागडीत सारखीच. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्या कारागिराच्या हातोडीचा प्रत्येक ठोका त्या भांड्यावर उमटलेला असतो. पण ठोक्यांना वजन नसते! संग्राहकाला नेमके या बिनवजनाच्या गोष्टीचेच मोल द्यावयाचे असते. येथे त्याच्या सचोटीची कसोटी लागते. विकणारा नडलेला असतो आणि त्याला आपल्या वस्तूची किंमत कळत नसते. घेणाऱ्याला ती कळत असते. या अज्ञानाचा फायदा घेऊन मातीमोलाने घ्यावयाचे व परदेशी गिऱ्हाइकाला सोन्याच्या भावाने विकावयाचे, असा धंदा करणारे लोक तेव्हाही होते. दिनकररावांच्या हातीही तशाच वस्तू येत होत्या. त्यांनी त्या धंद्यासाठी वापरल्या नाहीत. जे घेतले ते राखले, हीच त्यांच्या चरित्रातील मुख्य गोष्ट आहे.

अशा छंदाचा भार घरावर पडतो, हे आपण स्त्रियांना वेगळे सांगावयास नको. चष्म्याच्या व्यवसायात मिळून मिळून मिळावयाचे ते किती! त्यातून महिन्याचा किराणा आणावयाचा, आला-गेला सांभाळावयाचा, आणि तेवढ्यात घरधनी कुठल्या तरी गावाहून एक जुना दरवाजा किंवा गंजलेला दिवा घेऊन यावयाचा! ज्या घरात माणसांनाच जागा अपुरी, तेथे वस्तूंची गर्दी वाढत जावयाची. आपल्यापैकी एखादीने पहिल्या महिन्यातच कपाळावर हात मारून घेतला असता. परंतु दिनकररावांच्या पत्नी कमलाबाई यांनी पतीच्या या वेडात मनापासून साथ दिली. आज संग्रहालयाच्या दारावर नाव पुरुषांचे दिसते. पण घर वस्तूंनी भरत असता त्या घरात संसार चालविणारी बाई पाठीशी नसती, तर हा संग्रह पाच-दहा वस्तूंपुढे गेला नसता. स्त्रियांच्या मंडळाने तरी हे विसरता कामा नये.

या दांपत्यावर एक घोर आघात झाला. त्यांचा एकुलता एक मुलगा राजा लहान वयातच त्यांना सोडून गेला. पुत्रशोकाचे वर्णन करू नये. ज्याच्यावर तो ओढवतो त्यालाच तो कळतो. अशा दुःखात कित्येक माणसे खचून जातात, हातचे काम टाकून देतात. दिनकररावांनी काम टाकले नाही. मुलाच्या नावाने त्यांनी सारा संग्रह वाहिला. आपल्याकडे नाव लिहिण्याची रीत अशी, की आधी मुलाचे नाव, मग बापाचे, मग आडनाव. संग्रहालयाचे नाव तसेच आहे : राजा दिनकर केळकर. शाळेच्या पटावर मुलाचे नाव जसे चढते, तसे ते त्या दारावर चढलेले आहे. ते वाचताना प्रत्येक आईच्या मनात काय येत असेल, हे मी लिहीत नाही.

संग्रह वाढत गेला. महाराष्ट्रापुरता तो राहिला नाही. गुजरात, राजस्थान व दक्षिणेकडील प्रांतांतील वस्तूही त्यात आल्या. 1960 पर्यंत वस्तूंची संख्या सुमारे 15,000 झाली होती. आज ती 20,000 हून अधिक आहे, आणि त्यांपैकी सुमारे अडीच हजारच एका वेळी मांडलेल्या असतात. इतके मांडावयास जागाच पुरत नाही! कोथरूडला बाजीरावांनी मस्तानीसाठी बांधलेल्या महालाचे अवशेषही तेथे आणून पुन्हा उभे केले आहेत. पुढे हा सारा संग्रह दिनकररावांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. आयुष्यभराची कमाई त्यांनी समाजाची करून टाकली. विकावयाचे मनात आणले असते, तर पुढच्या कैक पिढ्या सुखात राहिल्या असत्या.

या संग्रहात तलवारी आहेत, चिलखते आहेत, हस्तिदंती कामे आहेत, तऱ्हेतऱ्हेची वाद्ये आहेत. परंतु आपण बायका तेथे गेलो, तर आपले पाय कोठे खिळतील ते सांगते. दिव्यांपाशी! समया, लामणदिवे, निरांजने, हातात धरावयाचे दिवे. दिव्यांचा दिनकररावांना विशेष नाद होता. भारतातील दिव्यांवर त्यांनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक 1961 साली भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने छापले. दिव्यांनंतर अडकित्ते. सुपारी कातरावयाचे ते एवढेसे हत्यार. पण त्याला मोराचा आकार, घोड्याचा आकार, स्त्री-पुरुषांच्या जोडीचा आकार! मग वज्री. टाच घासावयाची वस्तू कोणाच्या दृष्टीस पडावयाची? न्हाणीघरातल्या कोपऱ्यातच ती राहणार. तरी तिच्या पाठीवर कारागिराने पक्षी बसविले आहेत. फण्या, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, शेवया पाडावयाचे साचे, यांचीही तीच कथा. ज्यांनी हे सारे घडविले त्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत. ते कारागीरही अज्ञातवासी, आणि त्यांच्या वस्तू वेचणारा कवीही अज्ञातवासी!

अशा कामाचे दुसरे उदाहरण परदेशात सापडते. स्वीडन देशात आर्तुर हाझेलियुस नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. 1872 साली दालार्ना नावाच्या प्रांतात हिंडताना त्यांनी पाहिले, की शेतकऱ्यांचे जुने पोशाख व घरगुती वस्तू झपाट्याने नाहीशा होत आहेत. त्यांनी त्या घरोघर जाऊन जमविण्यास आरंभ केला, पुढल्याच वर्षी स्टॉकहोम येथे संग्रहालय काढले, आणि 1891 साली तर सबंध घरेच उचलून आणून स्कान्सेन नावाची मोकळ्या जागेतली वस्ती उभी केली. आपल्याकडेही कागदपत्रांच्या बाबतीत इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी असाच गावोगावचा प्रवास केला. वाड्यांतले रुमाल सोडून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने 1898 पासून खंडशः प्रसिद्ध केली. राजवाड्यांनी घरातले कागद वाचविले. केळकरांनी घरातली चूल, दिवा व पानाचा डबा वाचविला. दोन्ही मिळून घर पुरे होते.

आता आपल्या घराकडे वळू. केळकरांचे चरित्र ऐकून आपणही उठून संग्रहालय काढावे, असे माझे म्हणणे नाही. परंतु जुनी वस्तू घेणारे लोक आजही आपल्या दारी येतात. पितळेची भांडी स्टेनलेस स्टीलपुढे मागे पडली, वाडे पाडून इमारती झाल्या, त्यामुळे माळे रिकामे होत आहेत. अशा वेळी चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, विकण्यापूर्वी वस्तू नीट पाहावी. भांड्यावर नाव, साल, गाव कोरलेले असते. ते कागदावर उतरवून घ्यावे. घासताना त्या अक्षरांवर तारेची घासणी फिरवू नये. अक्षर बुजले की पुन्हा उमटत नाही. जाणाऱ्या वस्तूचा निदान एक फोटो घरी ठेवावा.

दुसरी गोष्ट, किंमत केवळ वजनावर करू नये. वस्तू घडीव आहे, नक्षीची आहे, जुन्या बांधणीची आहे असे वाटले, तर दोन जाणत्या माणसांना दाखवावी. आज नड असेल, पण एका दिवसाने काही बिघडत नाही. घाई घेणाऱ्याला असते. आपण करू नये.

तिसरी गोष्ट कायद्याची. पुराणवस्तू व कलानिधी यांसंबंधी 1972 साली झालेला कायदा 5 एप्रिल 1976 पासून अमलात आहे. त्याप्रमाणे शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी कलावस्तू ही पुराणवस्तू ठरते. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा आहे. जुन्या मूर्ती, चित्रे, चित्रे काढलेल्या पोथ्या यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. अशा पुराणवस्तूंचा व्यापार करणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि खाजगी माणसाला त्या परदेशी पाठविता येत नाहीत. म्हणून दारात आलेल्या अनोळखी माणसाने देवघरातली जुनी मूर्ती मागितली, तर त्याच्याजवळ परवाना आहे का हे विचारावे. विचारताच पुष्कळसे लोक आपोआप वाट धरतात. जमिनीत, पाया खणताना काही सापडले, तर त्यासाठी 1878 पासूनचा वेगळा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास ती कलेक्टरांना कळवावी लागते.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी व सर्वांत उशिरा सुचणारी. घरातल्या म्हाताऱ्या माणसापाशी बसावे, आणि एकेक वस्तू पुढे ठेवून ही कोणाची, कोठून आली, कशासाठी वापरीत, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. विकत घेणारा माणूस वस्तू नेईल, पण वही नेणार नाही. आमचे घंगाळ गेले तेव्हा आजेसासूबाई हयात नव्हत्या. त्यांचे वडील कोण, कोणत्या गावचे, त्यांनी ते घंगाळ कोणाकडून घडवून घेतले, हे विचारावयाचे राहून गेले. ते आता कोणीच सांगू शकणार नाही.

आपल्या मंडळापुढे म्हणून एक सूचना मांडते. पुढल्या पालखीच्या आधी, माळ्यावरची भांडी खाली येतील त्या आठवड्यात, प्रत्येक सभासद भगिनीने आपल्या घरच्या दहा जुन्या वस्तूंची यादी मंडळाकडे द्यावी. वस्तू ज्याची त्याच्याच घरी राहील. वही तेवढी मंडळाच्या कपाटात राहील. आणि एक दिवस सर्वांनी मिळून नातूबागेत जाऊन यावे. लोणीहून पुणे काही लांब नाही. सोलापूर रस्त्याने सकाळी निघाले, तर संध्याकाळच्या दिवेलागणीला घरी येता येते.

तेथे दिव्यांच्या दालनात उभ्या राहिलात, तर एक गोष्ट मनात आणा. यांतला प्रत्येक दिवा कोणत्या तरी घरी, कोणत्या तरी बाईने रोज सांजवेळी लावलेला आहे. तिने हात जोडले, मुलाबाळांच्या सुखासाठी मागणे मागितले. ती गेली, घर गेले, दिवा मोडीत निघाला. मग एका पुत्रशोक झालेल्या माणसाने तो दोन पैसे जास्त देऊन उचलला व आपल्या मुलाच्या नावच्या घरात आणून ठेवला. तो आता कोणी लावीत नाही. परंतु विझला आहे, असेही म्हणवत नाही.